इटालियन क्लासिक गाडीवर बोली लावण्याआधी : अस्सलपणा तपासायचा क्रम

लिलावातून जुनी इटालियन स्पोर्ट्स कार घेणारे बहुतेक जण तपासणी उलट्या टोकाने सुरू करतात. आधी फोटो, मग इंजिनाच्या आवाजाचा व्हिडिओ, मग घरच्यांना आणि ग्रुपवर दाखवणं, आणि हातोडा पडल्यावर कागद. नागपुरात बसून युरोप-अमेरिकेतल्या लिलावात बोली लावायची म्हटली की गाडी 'पाहून येण्याचं' काम म्युनिकच्या मुलावर नाहीतर मिलानजवळ राहणाऱ्या भाच्यावर येतं. तो बिचारा सुट्टीच्या दिवशी जातो आणि कळवतो, "काका, एकदम चकाचक आहे, पहिल्या सेल्फला चालू झाली." गाडी खरी की बनवलेली, याबद्दल या वाक्यात काहीच नाही.

अस्सलपणा आणि अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळाचा पत्रा सडलेली, इंजिन जाम झालेली गाडी शंभर टक्के अस्सल असू शकते. आरशासारखी चमकणारी गाडी दोन गाड्यांचे तुकडे जोडून उभी केलेली असू शकते. इथे फक्त अस्सलपणाचं बोलतो. क्रम असा: आधी कागद, मग पंचिंग (धातूवर ठोकून कोरलेले नंबर, म्हणजे 'पंच'), मग पत्रा, मग इंजिन आणि सुटे भाग. आवाज सगळ्यात शेवटी.

## १. तयारी : निदान महिनाभर आधी

कारखान्याची नोंद मागवायला आठवडे लागतात, म्हणून महिना. लिलाव पुढच्या शनिवारी आणि गाडी आज दिसली, असं असेल तर विक्रेत्याकडे ती नोंद आधीपासून हवी. नसेल तर तो लॉट (लिलावातली ती गाडी) सोडा. पुढचा लिलाव येतोच.

हात बसवायला इटलीला जायची गरज नाही. नागपुरात कुणाच्या ना कुणाच्या शेडमध्ये प्रीमियर पद्मिनी धूळ खात उभी असते. मुळात ती फियाट ११०० चीच वंशज, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मालकाची परवानगी घेऊन बॉनेट उघडा. कंपनीने बसवलेली नंबरांची प्लेट शोधा, पंच शोधा, दोन्हींचे फोटो काढा आणि आरसी बुकाशी ताडून पाहा. दारांवर, फेंडरवर, डिकीवर पेंटची जाडी मोजा. कुठे पुट्टी भरली आहे ते आकडे सांगतील, मग मालकाला विचारून खात्री करा. दोन-तीन गाड्यांवर हे केलं की परदेशातून आलेल्या फोटोत काय शोधायचं ते डोळ्याला कळू लागतं.

सामान फार लागत नाही. चांगली टॉर्च, दांड्याचा छोटा आरसा, फोनला जोडता येणारा एंडोस्कोप (नळीच्या टोकाला बारीक कॅमेरा), मऊ कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक, पेंटची जाडी मोजणारं यंत्र, मऊ पेन्सिल आणि पातळ कागद. आरसा-चुंबक इतवारीच्या लोहाओळीत सहज मिळतं. यंत्र घेताना विचारून घ्या: लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्हींवर चालणारं हवं. स्वस्तातली बरीच यंत्रं फक्त लोखंडावर मोजतात, आणि इटालियन गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा जागोजागी भेटतो.

तपासून घ्या: ज्या मॉडेलवर बोली लावायची त्याचा पंच नेमका कुठे असतो, इंजिनाचा नंबर कुठे, बॉडीचा नंबर कुठे, हे घरी बसून कागदावर काढता येतं का? येत नसेल तर अजून अभ्यास बाकी आहे.

## २. कॅटलॉग वाचणं

कॅटलॉगमधला प्रत्येक शब्द वकिलाच्या नजरेखालून गेलेला असतो असं धरून चाला. खोटं क्वचितच लिहितात. न लिहिलेलं ओळखावं लागतं.

'करेक्ट टाइप इंजिन' लिहिलं असेल तर इंजिन त्या जातीचं आहे, त्या गाडीचं नाही. 'टू स्पेसिफिकेशन', 'ट्रिब्यूट', 'रिक्रिएशन', 'इव्होकेशन' हे सगळे नकलेचे सभ्य शब्द. 'बिलीव्ह्ड टू बी' आणि 'अंडरस्टूड टू हॅव' म्हणजे आम्ही हमी घेत नाही. आणि 'मॅचिंग नंबर्स' दिसलं की ताबडतोब ईमेल करून विचारायचं: कशाशी मॅचिंग? साठच्या दशकातल्या कितीतरी फेरारींत चेसिस आणि इंजिन यांचा नंबर एकच असतो. अल्फा रोमिओत दोन्ही नंबर मुळातच वेगळे, त्यामुळे कारखान्याच्या रजिस्टरात त्या चेसिससमोर कोणतं इंजिन लिहिलं आहे हे पाहिल्याशिवाय त्या शब्दाला अर्थच नाही. उत्तर लेखी घ्या. फोनवर मिळालेल्या उत्तराला पुढे कुणी विचारत नाही.

लिलावाच्या अटीही याच वेळी वाचायच्या, बोलीच्या रात्री नाही. गाडी 'आहे त्या स्थितीत, आहे त्या जागी' विकली जाते. लिलावगृहाची हमी असलीच तर ती बहुधा लॉटच्या ठळक मथळ्यापुरती असते. खालच्या चार पानांच्या वर्णनाला ती लागू नसते. म्हणून मथळ्यात मॉडेलचं नाव कसं लिहिलं आहे ते अक्षरशः पाहा.

## ३. नंबरांचा तक्ता

सगळ्या कामाचं मूळ इथे आहे, आणि लोक हेच गाळतात.

एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा: कारखाना, सरकार, धातू. डाव्या बाजूला ओळी: चेसिस नंबर, इंजिन नंबर, गिअरबॉक्स, बॉडी नंबर, मूळ रंग, बनल्याची तारीख, पहिला मालक किंवा पहिला देश, जुन्या नंबरप्लेट. पहिल्या रकान्यात कारखान्याच्या अभिलेखात जे आहे ते. दुसऱ्यात सरकारी नोंदणीत जे आहे ते. तिसऱ्यात आज गाडीच्या धातूवर प्रत्यक्ष कोरलेलं जे आहे ते. या तिन्ही नोंदी वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांसाठी केलेल्या असतात. त्या जुळल्या तर गाडी उभी राहते.

विक्रेत्याची जाडजूड फाइल, जुन्या लिलावाचा कॅटलॉग, मासिकातला लेख, क्लबचं पत्र, या सगळ्यांना मिळून चौथा रकाना द्या आणि त्याला वजन देऊ नका. हे कागद एकमेकांवरून उतरवलेले असतात. १९९० साली एकाने लिहिलेली चूक पुढच्या दहा कागदांत तशीच जाते, आणि दहा कागद पाहून आपल्याला वाटतं की दहा साक्षीदार आहेत. शेत घेताना आपण सातबाऱ्यावर थांबत नाही, फेरफार काढून नोंद कुठून आली ते बघतो. तेच इथे करायचं.

तक्ता भरताना कामी येणाऱ्या काही खुणा:

फेरारी. जुन्या काळात रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि शर्यतीच्या गाड्यांना सम नंबर देत. डिनो २०६ आणि २४६ हा अपवाद. त्या रस्त्यावरच्या असूनही नंबर सम. म्हणून रस्त्यावरची म्हणून विकल्या जाणाऱ्या साठच्या दशकातल्या फेरारीवर सम नंबर दिसला तर खुलासा मागा, पण डिनो असेल तर घाबरू नका. याखेरीज कारखान्याचे 'अंतर्गत नंबर' असतात, इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर वेगळे पंच केलेले. नकली पंच मारणारे हे नंबर अनेकदा विसरतात.

अल्फा रोमिओ जीटीए. १९६५ ची जुलिया स्प्रिंट जीटीए ही साध्या स्प्रिंट जीटीवरून बनवलेली हलकी गाडी, त्यामुळे नकलेला एकदम सोयीची. अस्सल १६०० जीटीएचा चेसिस नंबर 'एआर ६१३' ने सुरू होतो. इंजिनाचा प्रकार '००५०२/ए'. साध्या स्प्रिंट जीटीचा '००५०२'. तिरकी रेघ आणि 'ए' एवढ्यावर किमतीचा सगळा फरक उभा आहे, म्हणून तेवढ्याच जागेचा जवळून घेतलेला फोटो मागवा.

फेरारी डेटोना स्पायडर. कारखान्याने उघड्या छताच्या ३६५ जीटीएस/४ फक्त १२२ च्या आसपास बनवल्या. कूपे, म्हणजे बंद छताच्या, हजाराहून अधिक. पुढे कितीतरी कूपेंचं छत कापून स्पायडर केले गेले. अशा गाडीचा चेसिस नंबर अगदी खरा असतो, पंच खरा, इंजिन खरं. पण तो नंबर कूपेचा असतो. धातू तपासून हे कळत नाही, कारखान्याच्या रकान्यातच कळतं.

फेरारी २५० जीटीओ. अस्सल ३६. त्यातली प्रत्येक कुठे आहे ते जगाला माहीत आहे. नकलांपैकी बऱ्याच २५० जीटीई या चार सीटच्या गाडीच्या चेसिसवर बनवलेल्या. कुणी 'सदतिसावी' दाखवत असेल तर चहा पिऊन उठा.

## ४. कारखान्याची नोंद मागवणं

प्रत्येक कंपनीचा स्वतंत्र विभाग आहे. फेरारीचा क्लासिके विभाग वीस वर्षांहून जुन्या रस्त्यावरच्या गाड्यांना अस्सलपणाचं प्रमाणपत्र देतो. लाम्बोर्गिनीचा पोलो स्टोरिको हा विभाग २०१५ चा, मासेरातीचा क्लासिके कार्यक्रम २०२१ चा. अल्फा रोमिओ, फियाट, लान्चा आणि अबार्थ यांचं काम हेरिटेज विभागाकडे. तुरीनला त्यांचं हेरिटेज हब आहे, आणि अल्फाचं संग्रहालय व अभिलेख मिलानजवळ आरेसेला.

गोंधळ होतो तो दोन कागदांत. एक 'मूळ नोंदीचं प्रमाणपत्र': या नंबरची गाडी अमुक तारखेला, अमुक रंगात, अमुक इंजिनासह बाहेर पडली. हे केवळ रजिस्टर बघून देतात, गाडी कुणी पाहिलेलीच नसते. दुसरं 'अस्सलपणाचं प्रमाणपत्र': यात गाडीची प्रत्यक्ष तपासणी होते. पहिला कागद फ्रेम करून गाडीशेजारी ठेवलेला असतो आणि लोक त्याला दुसरा समजतात. मूळ नोंदीचा कागद खऱ्या गाडीचा असू शकतो आणि शेजारी उभी गाडी वेगळी असू शकते.

इटलीतल्या एएसआय या क्लब-महासंघाची प्रमाणपत्रं, फिवा या जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं ओळखपत्र, एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संस्थेचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट हे कागदही फाइलमध्ये दिसतील. शेवटचा तर शर्यतीत उतरवण्याच्या पात्रतेसाठी असतो. गाडी त्या काळच्या मोजमापात बसते एवढंच तो सांगतो. नक्कलही त्या मोजमापात बसवता येते.

सावधान: प्रमाणपत्राची तारीख पाहा. २००८ मध्ये तपासलेल्या गाडीचं इंजिन २०१६ मध्ये बदललेलं असू शकतं. आणि प्रत विक्रेत्याने पाठवली असेल तर देणाऱ्या विभागाला ईमेल करून ती त्यांचीच आहे का हे विचारा.

## ५. मालकीची साखळी

गाडी इटलीत नोंदलेली असेल तर पीआरए या सार्वजनिक वाहन नोंदवहीतून मालकांचा कालक्रमाने उतारा काढता येतो. ही नोंदवही १९२७ पासून आहे, एसीआय ही संस्था ती सांभाळते. उतारा मागताना नंबरप्लेट हाताशी असली की काम सोपं होतं. इथे एक गाठ आहे: पूर्वी इटलीत गाडी दुसऱ्या प्रांतात नेली की प्लेट बदलायची. तुरीनची गाडी रोमला गेली की नवा नंबर. त्यामुळे आजच्या प्लेटवरून काढलेला उतारा कधी कधी मधूनच सुरू होतो. जुने प्लेट नंबर विक्रेत्याकडून किंवा जुन्या फोटोंवरून मिळवा आणि प्रत्येकाचा उतारा काढा.

उताऱ्यात गाडी नोंदवहीतून काढली गेली असेल तर कारण वाचा. निर्यातीसाठी काढली असेल तर पुढचा देश शोधा. भंगारात काढली असं लिहिलं असेल आणि तीच गाडी आज लिलावात उभी असेल, तर गाडी नक्की कुठून उठली हा प्रश्न पहिला.

साखळीत खंड पडणं वाईट नाही. दहा-पंधरा वर्षं कोठारात पडून राहिलेल्या गाड्या असतात. खंडाच्या आधी गाडी जळली किंवा चिरडली होती आणि खंडानंतर ती निर्दोष अवतरली, असं असेल तर मात्र थांबा.

चोरीचीही तपासणी याच टप्प्यात. इटालियन पोलिसांची चोरीच्या वाहनांची यादी ऑनलाइन पाहता येते. गाडी अस्सल असूनही मालकी वादात असू शकते. शर्यतीची फेरारी ३७५ प्लस, चेसिस ०३८४ एएम, ही अमेरिकेतल्या ओहायोतून चोरीला गेली होती. २०१४ साली ती इंग्लंडमधल्या गुडवुडच्या लिलावात एक कोटी पौंडांहून अधिकला गेली आणि त्यानंतर मालकीवरून कोर्टकज्जे झाले. गाडीच्या खरेपणाचा तिथे प्रश्नच नव्हता.

## ६. तपासायला माणूस नेमणं

भाचा फोटो काढायला उत्तम, निदानाला नको. त्या मॉडेलवर काम केलेला स्वतंत्र तपासनीस नेमा. विक्रेत्याने किंवा लिलावगृहाने सुचवलेला नको, आणि ज्याने ही गाडी पूर्वी दुरुस्त केली तोही नको. तो स्वतःच्याच कामाला नापास कसा करणार? नेमण्याआधी विचारा की या विक्रेत्यासाठी कधी काम केलं आहे का.

त्याच्याकडून मत नंतर मागा, आधी फोटो मागा. प्रत्येक पंचाचे तीन फोटो: दुरून, जवळून, आणि बाजूने टॉर्च मारून तिरप्या उजेडात. सगळे मूळ आकारात, ईमेलने. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत नेमकं तेच पुसलं जातं जे पाहायचं असतं.

## ७. गाडीसमोर : याच क्रमाने

पंचिंग आधी. जुन्या गाडीचं ट्रान्सफर करताना एजंट कागद ठेवून पेन्सिल घासत चेसिस प्रिंट काढतो, ते आपल्याकडे गिरीपेठेच्या आरटीओत कामाला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. तीच पद्धत इथे, पण लिलावगृहाची परवानगी घेऊन. पंचावरचा रंग खरवडू नका; गाडी अजून दुसऱ्याची आहे.

एका अल्फाच्या पंचाचे फोटो मी आरटीओतून निवृत्त झालेल्या एका निरीक्षकांना दाखवले होते. गाडी कोणती, किंमत किती, काही विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनजवळ गेले आणि म्हणाले, "आकडे राहू दे भाऊ. आकड्यांच्या आजूबाजूचा पत्रा दाखव." मोठा केला, तर आकड्यांच्या मागे एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे होते, आणि ते आकड्यांच्या खाली जात होते. म्हणजे आधी ग्राइंडर फिरला, नंतर पंच पडला. शिवाय तेवढ्या जागेचा पत्रा शेजारच्या पत्र्यापेक्षा किंचित खोल. निकाल लागायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तर पाहायचं ते हे. पंचाभोवती चौकोनी जोड दिसतो का. तेवढ्याच जागी रंग जाड आहे का. मागच्या बाजूने एंडोस्कोप घातला तर वेल्डिंगचा डाग दिसतो का. पत्रा खोलगट, चकचकीत किंवा शेजारच्यापेक्षा वेगळ्या पोताचा आहे का. हे झाल्यावर आकडे: त्याच वर्षाच्या, त्याच कारखान्याच्या दुसऱ्या दोन-तीन अस्सल गाड्यांचे पंच शेजारी ठेवून '३' चं डोकं सपाट की गोल, '१' ला पाय आहे की नाही, अंतर सारखं की नाही ते पाहा. हाताने मारलेले पंच थोडे वाकडेतिकडे असणारच. फार सुबक, संगणकावर कोरल्यासारखा पंच दिसला की माझा संशय वाढतो.

पुन्हा मारलेला प्रत्येक पंच लबाडीचा नसतो. गंजल्यामुळे सरकारी परवानगीने नवा पंच मारता येतो, पण त्याची नोंद कागदांत असते. नोंद दाखवा म्हणा.

कंपनीच्या प्लेटवर विसंबू नका. रिव्हेटने बसवलेल्या प्लेट नव्या बनवून मिळतात, त्यावरचा इटालियन प्रकार-मान्यतेचा 'आयजीएम' आकडा धरून. प्लेट पुष्टीसाठी, पुरावा पंच.

मग बॉडीचे नंबर. पिनिनफरिना, बेर्तोने, स्कालिएत्ती, तूरिंग अशा बॉडी बनवणाऱ्यांचे स्वतःचे अनुक्रमांक असत. ते बॉनेटच्या फ्रेमवर, दारांच्या आत, ट्रिमच्या पाठीमागे पंच केलेले किंवा खडूने लिहिलेले सापडतात. दाराच्या ट्रिमच्या मागे एक नंबर, बॉनेटवर दुसरा असेल तर पत्रा दोन गाड्यांचा आहे. खडूच्या आकड्यांना मी फार मान देतो. नक्कल करणाराला तिथपर्यंत सहसा सुचत नाही.

पत्रा. चुंबक आणि जाडीचं यंत्र. जीटीएचे बाहेरचे पॅनल पेरालुमान नावाच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे, आतला सांगाडा स्टीलचा, आणि दोन्ही रिव्हेटने जोडलेले. दाराला चुंबक चिकटलं तर बोलणं तिथेच संपलं. न चिकटलं तरी अर्धंच काम झालं, कारण अ‍ॅल्युमिनियमचे पॅनल नवे मिळतात. रिव्हेटच्या ओळी कुठे आहेत ते अस्सल गाडीच्या फोटोंशी जुळवा. कारखान्याच्या आकड्यानुसार रस्त्यावरच्या जीटीएचं वजन ७४५ किलो, साध्या स्प्रिंट जीटीचं ९५० च्या आसपास. वजनकाट्याची पावती मागायला लाजू नका.

जाडीचे आकडे ढोबळमानाने असे घ्या: १०० ते २०० मायक्रॉन म्हणजे पातळ, बहुधा एकदाच दिलेला रंग. ३०० ते ५०० म्हणजे पुन्हा रंगवलेली. हजाराच्या वर गेलं की पुट्टी. जुन्या गाडीला पुन्हा रंगवणं हा गुन्हा नव्हे. एका बाजूचं फेंडर १५० आणि दुसऱ्या बाजूचं १८०० असेल तर अपघाताची गोष्ट विचारा.

मूळ रंग शोधायचा तो डॅशबोर्डच्या मागे, टाकीखाली, दाराच्या रबराखाली, कार्पेटच्या आत. कारखान्याच्या रकान्यात 'राखाडी' आणि आज गाडी लाल, हे रोजचं आहे. लाल खपते म्हणून अर्ध्या राखाडी-निळ्या गाड्या लाल झाल्या. कोपऱ्यात राखाडी सापडला तर उलट चांगली खूण. कुठेच सापडला नाही तर बॉडी बदलली असण्याची शक्यता धरा.

इंजिन. ब्लॉकवरच्या सपाट पट्टीवरचा नंबर, वर सांगितलेल्याच पद्धतीने. जीटीएच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एकूण आठ, आणि वेबर ४५ डीसीओई १४ कार्ब्युरेटर. हे भाग साध्या इंजिनावर बसवताही येतात, म्हणून ब्लॉकचा नंबर आधी आणि प्लग मोजणं नंतर.

सुटे भाग. काचांवरचे तारखेचे कोड, रिमवरचे आकडे, वेलिया मीटर, मारेल्ली डिस्ट्रिब्यूटर, कारेल्लो दिवे. १९६६ च्या गाडीत १९७१ ची काच असेल तर ती काच बदलली, एवढाच अर्थ. वेबरच्या कार्ब्युरेटरवर स्पेनचा उल्लेख असेल तर ते नंतरचं, जुने बोलोन्याचे. शर्यतीत धावलेल्या गाडीत सगळ्या काचा, सगळी रिमं, सगळे दिवे एकाच महिन्याचे असतील, तर मला ते जास्त खटकतं. किलोमीटरचा आकडा तर सोडूनच द्या. मीटर पाच आकड्यांचं, ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य.

आवाज. आता सेल्फ मारा.

तपासून घ्या: तक्त्यातला तिसरा रकाना पूर्ण भरला का? एक जरी चौकोन 'दिसलं नाही' म्हणून रिकामा असेल तर तपासनीसाला परत पाठवा. आरसा घेऊन.

## ८. निकाल आणि आकडा

तिन्ही रकाने जुळले तर पूर्ण किंमत. चेसिस आणि बॉडी जुळली पण इंजिन त्याच जातीचं दुसरं निघालं, तर गाडी घेण्यासारखी असते, फक्त आकडा खाली येतो आणि पुढे विकताना हीच गोष्ट तुम्हालाही सांगावी लागेल. चेसिसच्या पंचावर शंका असेल तर 'स्वस्तात घेऊ' हा विचार करू नका. शंकेची गाडी स्वस्तात घेतली तरी ती शंकेचीच राहते, आणि विमा, कस्टम्स, आरटीओ प्रत्येक ठिकाणी तो पंच पुन्हा वाचला जाणार आहे. उघड नक्कल नकलेच्या भावात घेऊन मजेत चालवणारे लोक आहेत, त्यांचं काही चुकत नाही. कागदावर 'नक्कल' लिहून घेतलं म्हणजे झालं.

कमाल बोली लिहून ठेवताना हातोड्याच्या किमतीवर लिलावगृहाचा प्रीमियम (गाड्यांना बहुधा १० ते १५ टक्के), तिथला कर, वाहतूक, विमा आणि आपल्याकडचं कस्टम्स हे सगळं धरा. कस्टम्सचा भार इतका असतो की पुष्कळांचा हिशेब तिथेच मोडतो. जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम बदलत आले आहेत, म्हणून बोलीआधी कस्टम्स ब्रोकरकडून त्या वर्षाच्या, त्या मॉडेलच्या गाडीबद्दल लेखी घ्या. गाडी ७५ वर्षांहून जुनी असेल तर युरोपातून बाहेर काढायला सांस्कृतिक वस्तूंचा निर्यात परवाना लागू शकतो. तो कोण काढणार हेही आधीच ठरवा.

बोलीच्या वेळा नीट बघा. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मॉन्टेरेला संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा नागपुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. पॅरिसचा फेब्रुवारीतला दुपारी तीनचा लॉट आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला येतो. नेट जाणं, वीज जाणं हे गृहीत धरून टेलिफोन बोलीचीही नोंदणी करून ठेवा. शेजारी एकजण असा बसवा ज्याला या गाडीचं काडीचंही प्रेम नाही; लिहिलेला आकडा ओलांडायच्या वेळी त्याने फोन हातातून घ्यायचा.

सावधान: लिलावगृहाने बोलीच्या आधी तोंडी जाहीर केलेली दुरुस्ती कॅटलॉगपेक्षा वरचढ असते. तुमचा लॉट येण्याआधी काही दुरुस्ती आहे का, ते विचारून घ्या.

## ९. हातोडा पडल्यानंतर

गाडी ताब्यात घेताना पंचाचे फोटो पुन्हा काढायला लावा आणि आधीच्या फोटोंशी ताडा. सगळी फाइल मूळ प्रतींत, गाडीबरोबर नाही तर वेगळ्या कुरिअरने मागवा.

इन्व्हॉइस, निर्यातीचा कागद, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), विमा, सगळीकडे चेसिस नंबर एकसारखा हवा. सुरुवातीची अक्षरं, जागा आणि तिरकी रेघ सुद्धा. युरोपातला कारकून 'एआर' गाळून नुसते आकडे लिहितो आणि न्हावाशेवाला कंटेनर अडकतो. जहाजावर चढण्याआधी दुरुस्त करून घ्या.

नागपुरात रस्त्यावर आणायची तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए'. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालत नाही. अर्जाबरोबर विम्याचा कागद आणि आयात गाडीची बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्समधला आयातीचा कागद) लागते. नियमातली अट अशी आहे की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. तेव्हा नंबरांचा तो तक्ता, कारखान्याचं प्रमाणपत्र आणि पंचाचे तिरप्या उजेडातले फोटो एका फाइलमध्ये लावून ती फाइल आरटीओत घेऊन जा, आणि पेन्सिल-प्रिंटसाठी पंचावरची धूळ घरीच पुसून घ्या.